जंबेरीच्या दोन ओळी

आमची नर्सरी घाटंजीच्या बाहेर आहे, गाव संपलं की डाव्या हाताला. बोर्डावर 'रोपवाटिका' लिहिलं आहे, पण तो शब्द कुणाच्या तोंडी नाही. एकदा एक बाई चार वर्षांच्या लेकराला नवे बूट घालून, चापून भांग पाडून घेऊन आली आणि ॲडमिशन कधी सुरू होते म्हणून विचारू लागली. बाबांनी लेकराच्या हातात झेंडूचं रोप दिलं आणि शाळेचा रस्ता दाखवला. ती बाई अजून दर दिवाळीला झेंडू न्यायला येते.

नर्सरी आजोबांनी सुरू केली. ते वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते. माती, रेती, शेणखत कालवून प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या आणि दिवसभर झारीनं पाणी द्यायचं, एवढंच त्यांचं काम. कलमं बांधणारा माळी वेगळा होता आणि तो आजोबांना जवळ उभं राहू देत नसे. आजोबा मग पाणी द्यायला नेमका त्याच्या बाजूचाच वाफा निवडत. जे दिसलं ते संध्याकाळी नाल्याकाठच्या रानबोरींवर करून बघत, दाढीच्या ब्लेडनं. दोन हिवाळे बसवलेले सगळे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, वाळून गेले. तिसऱ्या वर्षी काटेरी बोरीला मोठी, गोड बोरं लागली आणि लोक बघायला आले. त्यानंतर आजोबांनी नोकरी सोडली, विहिरीजवळची अर्धा एकर जागा भाड्यानं घेतली. गावातल्या विहारापुढचा पिंपळ त्यांच्याच हातचा. त्या रोपाचे पैसे त्यांनी घेतले नव्हते, पण रोप नेणाऱ्यांना आळं कसं करायचं ते तीनदा समजावून सांगितलं होतं.

संत्र्याचं काम बाबांनी आणलं. आमच्याकडे ज्याच्या विहिरीला बऱ्यापैकी पाणी, त्याच्या मनात कधी ना कधी संत्र्याची बाग येतेच. संत्र्याचं कलम कसं होतं ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जंबेरी नावाचं एक आडमुठं लिंबू असतं. जाड सालीचं, खडबडीत, आंबट, बियांनी भरलेलं. पण त्याचं मूळ चिवट. म्हणून जंबेरीचं रोप वाढवायचं, हिवाळ्यात त्याच्या सालीवर छोटी चीर द्यायची आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा. डोळा जगून फुटला की त्याच्या वरचा जंबेरीचा शेंडा कापून टाकायचा. खाली जंबेरी, वर संत्रा. डोळा मेला, तर ते रोप नुसती जंबेरीच राहते. अशी रोपं बाजूला काढायची आणि पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यावर पुन्हा डोळा भरायचा.

माझा भाऊ बारावीनंतर पुण्याला गेला आणि तिथल्या कंपनीत लागला. त्याला मातीत हात घालायची कधीच आवड नव्हती, त्यात त्याची चूक नाही. मला होती. सोळाव्या वर्षी बाबांनी माझ्या हातात चाकू दिला. पहिले दोन महिने फक्त जंबेरीच्या कापलेल्या काड्यांवर चिरा मारायच्या. डोळ्याला बोट लागू द्यायचं नाही, देठाला धरूनच उचलायचा. वर-खाली बघून बसवायचा. आणि रोप विकायच्या आधी एक पान चुरडून वास घ्यायचा, कारण जंबेरीच्या पानाला लिंबाचा वास येतो, संत्र्याच्या पानाला संत्र्याचा. "डोये फसवतात, नाक फसवत नाही," असं बाबा म्हणत. मी तीन वर्षांत चांगली तयार झाले. इतकी, की माझे डोळे बाबांपेक्षा जास्त जगू लागले. ते मला माहीत होतं, आणि हीच जरा अडचण होती.

बावीस वर्षांची असताना मी ती चूक केली.

ऑगस्ट महिना होता. आजोबा यवतमाळच्या दवाखान्यात होते आणि बाबा त्यांच्यापाशी. नर्सरी माझ्यावर. त्या दिवशी पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या गावातला एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं, पावणेतीनशे कलमं. खड्डे खणून तयार होते, मजूर सांगितलेले होते, आभाळ भरून आलं होतं. आम्ही मोजून रोपं चढवू लागलो आणि शेवटी कमी पडली. अडतीस.

शेजारच्या वाफ्यात रोपं उभी होती. हिरवीगार, कमरेएवढी, सगळ्या नर्सरीत सर्वांत तेजदार. मी म्हटलं, यातली द्या.

आमच्याकडे एक मावशी कामाला होत्या. आजोबांच्या वेळेपासूनच्या, माझ्या जन्माच्या आधीपासून त्या वाफ्यांत खुरपत होत्या. त्या पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, हा वाफा तुह्या बाबानं बाजूले ठेवला होता."

"काहून?"

"ते मले नाई सांगतलं. पर बाजूले ठेवला होता."

मी रोपांकडे पाहिलं. मला वाटलं, एवढी जोमदार रोपं बाबांनी दुसऱ्या कुणासाठी राखली असतील. टेम्पोवाला घाई करत होता. मी मावशींना म्हणाले, "मी पाह्यते ना मावशी. तुम्ही पिशव्या उचला." त्यांनी पिशव्या उचलल्या. मी एकही पान चुरडलं नाही. खरं तर खाली वाकून डोळ्याची जागा पाहिली असती तरी पुरे होतं.

चार दिवसांनी आजोबा गेले. घरात माणसांची रीघ लागली. बाबा नर्सरीत आले तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता आणि त्या वाफ्यातली रोपं कुठं गेली हे विचारायचं त्यांनाही सुचलं नाही, सांगायचं मलाही नाही.

त्यानंतर माझं लग्न झालं. नवरा घाटंजीतच शाळेत शिक्षक, त्यामुळे मी नर्सरी सोडली नाही. मुलगी झाली. शेडनेट उभं केलं, मिरची-वांग्याची रोपं ट्रेमध्ये करू लागलो. पाच वर्षं अशीच गेली.

डिसेंबरात एका सकाळी तो शेतकरी आला. मोटरसायकलच्या हँडलला पिशवी अडकवलेली. बाबा खाटेवर बसून डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या संत्र्याच्या काड्या, निवडत होते, मी शेजारी कलमावर बांधायच्या पट्ट्या कापत होते. त्यानं रामराम वगैरे काही केलं नाही. पिशवीतून एक फळ काढलं, पिवळं, खरबरीत, मुठीएवढं. आमचाच चाकू उचलून ते खाटेवरच मधोमध कापलं आणि अर्धं बाबांपुढे धरलं.

"हे काय होय, सांगा."

बाबांनी हातातही घेतलं नाही. "जंबेरी."

"माह्या वावरात दोन ओळी आहेत याच्या. पाच वर्सं पानी देल्लं. खत देल्लं. बाकीच्या झाडाईपेक्षा हेच झाडं उंच. मी गावात सांगत होतो, पाहा म्हनून, कसे आले. अन् आता हे."

बाबा म्हणाले, "माझ्या हातून जंबेरी गेली नाही कधी. कोनं देल्ले होते?"

"तुमच्या पोरीनं."

मला तो वाफा, ती आभाळ भरून आलेली दुपार, सगळं तिथल्या तिथे आठवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो. मीच देल्ले. तुम्ही दवाखान्यात होते. मावशींनं सांगतलं होतं की वाफा बाजूले ठेवला आहे, मी ऐकलं नाही."

मावशी दहा पावलांवर पिशव्या भरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बाबांनी त्या माणसाला नवीन रोपं देतो म्हटलं. तो म्हणाला, "रोपं देसान. वर्सं कुठून देसान?" पैसे परत घ्या म्हटलं, तर पैशाचं नावच काढू नका म्हणाला. तो उभ्याउभ्याच बोलत होता. उन्हाळ्याआधी दोन्ही ओळी उपटून टाकणार आणि पुन्हा आमच्या दारात येणार नाही, एवढंच सांगायला तो आला होता. अर्धं फळ खाटेवर ठेवून तो गेला.

त्या दिवशी बाबा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारी जेवताना एवढंच म्हणाले, "मावशीनं सांगतलं होतं म्हनतं?" मी हो म्हटलं. त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुतले.

मी मावशींकडे गेले. म्हटलं, "तुम्ही सांगतलं होतं."

"सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "पर तू मालकीन होती. अजून किती सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी करवत, चाकू आणि चुना पिशवीत घातला आणि मला गाडी काढायला सांगितली. मी विचारलं, त्यानं येऊ नका म्हटलं ना? बाबा म्हणाले, "त्यानं येनार नाही म्हटलं. येऊ नोका नाही म्हटलं."

वावरात पोचलो तर तो विहिरीवर होता. आम्हाला बघून त्यानं तोंड फिरवलं. बाबा सरळ त्या दोन ओळींत शिरले. झाडं खरोखर देखणी होती. डोक्यापेक्षा उंच, काळसर हिरवी, पिवळ्या फळांनी लगडलेली. बाबांनी खोडाला हात लावला, बुंध्याभोवतीची माती उकरून मूळ पाहिलं. मग लांबूनच म्हणाले, "उपटू नोका. पाच वर्सांचं मूळ आहे, ते वाया कायले घालवता? गुडघ्याएवढं खोड ठेवून वरून कापू. पावसापर्यंत नवीन फुटवे येतीन. त्याच्यावर संत्र्याचे डोये भरतो. नवीन रोपाले पाच वर्सं लागतीन, याले तीन."

"मले आता भरोसा नाई तुमचा," तो म्हणाला.

इतक्यात त्याची बायको घरातून आली. वावरातच घर होतं. तिनं आम्हाला ओट्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आत जाऊन एक बरणी घेऊन आली. "हे पाहा," ती मला म्हणाली, "इतके फयं झाले, फेकाले जीव होईना. लोणचं घातलं. आर्ध्या गावाले वाटलं. पावनेरावने मागून नेऊन राह्यले." तिच्या बोलण्यात टोमणा होता की नाही ते मला आजही ठरवता येत नाही. मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही उपटनारच होते न? मंग कापू द्या त्याईले. नाई जमलं तं उपटाले तुमचे हात कोनं धरले?"

तो काही बोलला नाही. आमच्याकडे याचा अर्थ होकार असतो.

फेब्रुवारीत आम्ही झाडं कापली. अडतीसपैकी सदतीस. विहिरीजवळचं एक तिनं राखून ठेवायला लावलं, लोणच्यासाठी. कापलेल्या तोंडांना औषध लावलं, खोडांना उन्हासाठी चुना. दोन ओळी नुसत्या खुंटांच्या झाल्या आणि बाजूच्या वाटेनं जाणारे लोक थांबून बघू लागले. काय झालं म्हणून विचारत. तो शेतकरी उत्तर देत नसे. मीच सांगायचे, माझ्या हातून चुकीची रोपं गेली होती. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली. दहाव्यांदा सांगताना काही वाटलं नाही.

पावसात खुंटांना पुष्कळ फुटवे आले. प्रत्येकावर चार-चार चांगले ठेवून बाकीचे खुडले. पाऊस ओसरला, साल सहज सुटू लागली, तेव्हा बाबांनी आपल्या सगळ्यात जुन्या संत्र्याच्या डोळकाड्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि आम्ही डोळे भरायला गेलो. बाबा म्हणाले, "मी भरतो. तू बांधत ये."

मला वाटलं, माझ्या हाताला शिक्षा आहे. असू दे म्हटलं. ते चीर देत, डोळा बसवत, मी मागून पट्टी गुंडाळत होते. शेतकरी बांधावर उकिडवा बसून बघत होता. तिसऱ्या झाडापाशी मी पट्टी घेऊन वाकले आणि थांबले. डोळा उलटा बसवलेला होता. देठ वर, टोक खाली. बाबांनी आयुष्यात डोळा उलटा बसवला नव्हता. मी मागच्या झाडांपाशी जाऊन आले. बांधताना मी नुसत्या पट्टीकडेच पाहत होते. त्यातले दोन उलटे होते आणि एक चिरेच्या बाहेरच राहिला होता.

मी परत आले. बाबा पुढच्या फुटव्यावर वाकले होते, चाकू चेहऱ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर. तेव्हा मला सगळं दिसलं. वर्तमानपत्र ते हल्ली नुसतं चाळतात. पिशव्यांवरची नावं मला वाचायला लावतात. काड्या बोटांनी चाचपून निवडतात. आणि पान चुरडून वास घ्यायचं प्रमाण गेल्या वर्षात फार वाढलं होतं.

बांधावर तो माणूस बसलेला. मी त्याच्यासमोर कसं बोलू? पण न बोलता पट्टी गुंडाळली असती, तर ती दुसरी चूक झाली असती, आणि या वेळी ती नकळत झालेली नसती.

"बाबा," मी म्हटलं, "उलटा बसला."

"कोनता?"

"हा. अन् मागचे दोन."

त्यांनी अंगठ्यानं डोळा चाचपला. खूप हळू. मग सरळ उभे राहिले. मला वाटलं ते काहीतरी सांगतील, ऊन आहे, चष्मा घरी राहिला. त्यांनी चाकूचं पातं धोतराला पुसलं आणि मूठ माझ्याकडे करून चाकू पुढे केला.

"कवापासून दिसत नाही?" मी विचारलं.

"आखाडीपासून कमी झालं. त्याच्या आधीबी थोडं होतंच." मग जरा थांबून, "तुले सांगनार होतो."

बांधावरून तो शेतकरी उठला. मला वाटलं, आता हाकलून देणार. तो आला, बाबांच्या दंडाला धरून त्यांना सावलीत घेऊन गेला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्या दिवशी मी एकटीनं दोन्ही ओळी भरल्या. बाबांचे चुकलेले चार काढून पुन्हा भरले. मागून पट्ट्या बांधायला त्याची बायको आली. तिचे हात चपळ होते, दोनदा दाखवावं लागलं नाही.

तीन आठवड्यांनी बघायला गेलो. डोळा जगला की नाही हे कळायची खूण सोपी असते. डोळ्याला ठेवलेला देठाचा तुकडा बोट लावताच गळून पडला, तर डोळा जिवंत. वाळून चिकटून बसला, तर मेला. मी एकेका फुटव्याला बोट लावत गेले. शेतकरी माझ्या मागून चालत होता आणि प्रत्येक झाडापाशी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. बहुतेक देठ गळाले. सहा झाडांवर एकही डोळा जगला नव्हता. ती सहा थंडीत पुन्हा भरली, त्यातली पाच लागली. एक खोड वाळवीनं खाल्लं.

त्याच हिवाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन यवतमाळला झालं. आधी उजवा डोळा, दोन महिन्यांनी डावा. आता त्यांना माझ्यापेक्षा लांबचं दिसतं. पण चाकू त्यांनी पुन्हा घेतला नाही. मी एकदा म्हटलं, आता दिसते ना, भरा दोन-चार. ते म्हणाले, "तू भरून राह्यली ना." ते गेटपाशी खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्यांना आळं कसं करायचं ते सांगतात, आणि नको असलेली रोपं गळ्यात मारत नाहीत. यामुळे आमचं कधीकधी नुकसान होतं.

मावशींनी मध्यंतरी काम सोडलं, गुडघ्यांमुळे. त्या असेपर्यंत गाडी भरायच्या आधी मी त्यांना वाफा दाखवून विचारत असे. त्यांना ते आवडायचं नाही. "मले काय विचारतं, तुले कयते ना," म्हणायच्या. तरी वाकून बघायच्या. आता वाफ्याच्या तोंडाशी पाटी असते आणि बाजूला काढलेली रोपं मी वेगळ्या कुंपणात ठेवते. मुलगी कॉलेजात आहे, वनस्पतिशास्त्र घेतलं आहे. नर्सरी चालवणार का, असं लोक तिला विचारतात. ती माहीत नाही म्हणते. मीही विचारत नाही.

त्या दोन ओळींना तिसऱ्या वर्षी संत्री लागली, पुढच्या वर्षी जास्त. ते आम्हाला शेतकऱ्याच्या बायकोनं फोनवर कळवलं. तो मात्र माझ्याशी बोलायचा नाही. नर्सरीत आला तरी बाबांपाशी बसे, जे हवं ते बाबांना सांगे, मी समोर उभी असले तरी. मला ते खटकायचं, पण तक्रार करायला जागा नव्हती.

मागच्या जूनमध्ये आठवडी बाजारात भेटला. मी भाजी घेत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबाचे डोये कसे आहेत?"

"चांगले आहेत, काका."

त्यानं ढिगातलं एक वांगं उचलून परत ठेवलं. मग विचारलं, "मिरचीचे रोपं कवा निंघतीन तुमचे?"

"पंधरा दिवसानं."

"दोन हजार ठेवजो," तो म्हणाला, आणि बससाठी घाईनं स्टँडकडे गेला.